एका पातेल्याचा घोलप

घोलप आमच्या खोलीत राहायला आला तेव्हा त्यानं सलाम केला नाही की रामराम केला नाही. बॅग हातातच धरून दारात उभा राहिला, नाक वर केलं आणि म्हणाला, "ह्या खोलीत मेथी भिजत घातलीय. कालची हाय. फेकून द्या, आंबली."

मेथी माझी होती. साखरेच्या आजारासाठी मी ती रोज सकाळी खातो. परक्या माणसानं उंबऱ्यात उभं राहून माझ्या वाटीत काय आहे ते मला सांगावं, हे मला पसंत नाही. मी मेथी फेकली नाही. त्याच्या डोळ्यांदेखत सगळी चावून खाल्ली. पुढं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही, पण इतकं खरं की घोलपच्या नाकावर मी परत कधी शंका घेतली नाही.

मी चौथी पास माणूस. गाडी चालवणं माझं काम, लिहिणं नव्हे. पण घोलपबद्दल कुणी लिहिलेलं नाही आणि कुणी लिहिणारही नाही, आणि ते मला सहन होत नाही. म्हणून बसलो.

जेद्दाच्या बाहेर कारखान्यांच्या वस्तीत आमची लाँड्री आहे. शहरातल्या इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे सगळं आमच्याकडे धुवायला येतं. मी ट्रकमधून ते आणतो आणि पोचवतो. लाँड्रीच्या मागं आमचा कॅम्प, म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आणि मध्ये वाळूचं अंगण. घोलप बॉयलरवर आला होता. बुटका, रुंद, मिशा दोन्ही बाजूंनी खाली आलेल्या, आणि बोलताना हात असे हलवायचा की शेजारच्यानं चहाचा कप लांब धरावा.

त्याची एक सवय म्हणजे कुठल्याही गोष्टीचा आधी वास घ्यायचा. चहा आला की वास. नवीन बनियन आलं की वास. माझ्या ट्रकचं डिझेल भरताना झाकणाशी नाक नेऊन "ह्यात पाणी हाय" म्हणायचा, आणि असायचं. बॉयलरच्या खोलीत पाऊल ठेवायच्या आधी दारात थांबायचा. आत बॉयलर घुमतोय, बाकीचे कान देतात, हा नाक देतो. एकदा मी विचारलं, "घोलप, तू कुत्र्याच्या जन्मातून आलास काय?" तो अजिबात रागावला नाही. म्हणाला, "हसनभाय, मी बिअरच्या जन्मातून आलोय."

आणि ते खरंच होतं. वाळूजच्या बाजूला एका बिअरच्या कारखान्यात त्याची अर्धी हयात गेली होती. जव शिजवायच्या मोठमोठ्या तांब्याच्या भांड्यांवर तो होता. मग तिथं बटणावर चालणारी यंत्रं आली आणि ह्याला उचलून बॉयलरवर टाकलं. बॉयलरचा परवाना मिळाला आणि त्या परवान्यावर हा इथं आला. जगात एवढे देश पडलेत, आणि बिअर करणारा माणूस आला कुठं, तर सौदीत. हे तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसायचा.

पण हसणं सगळ्यांना परवडत नव्हतं. आमच्या कॅम्पात कासमचाचा होते. मुरूडकडचे, इस्त्री खात्याचे मुकादम, दाढी पांढरी शुभ्र. कॅम्पातली नमाज तेच पढवायचे आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये जेवताना घोलप रंगात आला.

"चाचा, जव म्हणजे काय वाटलं तुम्हाला? तो झोपलेला असतो. त्याला पाणी दाखवा, उबेला ठेवा, तो जागा होतो. मोड येतो. मोड आला की त्याच्या पोटात साखर तयार. कुणी घातली? कुणीच नाही. ती साखर गरम पाण्यात उतरवून घ्यायची आणि उकळायची. हितपर्यंत ते नुसतं गोड पाणी, तान्ह्या लेकराला पाजा. मग त्यात खमीर टाकलं की..."

"मग काय होतं ते नको सांगू," चाचा म्हणाले. ताट अर्धं ठेवून उठले, हात धुतले, गेले.

मी घोलपला खोलीत आणून झापला. इथं ह्या गोष्टी तोंडातनं काढायच्या नाहीत, पोलीस येतील, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, जाईल, पहिल्या विमानात घालतील. घोलप ऐकत होता. मग दुखावल्यासारखा म्हणाला, "हसनभाय, मी करणारा हाय, पिणारा नाही. हलवायाला बर्फी खाताना कधी बघितलंस का?"

मी नव्हतं बघितलं.

मग रमजान आला. रमजानात आमच्या मेसचा आचारी बशीर, मलबारी माणूस, दरवर्षी एका अडचणीत असायचा. शिजवायचं सगळ्या कॅम्पाचं, पण रोजा असल्यामुळं चाखता येत नाही. मीठ अंदाजानं. एखाद्या दिवशी शोरबा समुद्रासारखा, एखाद्या दिवशी इस्पितळातल्यासारखा. त्या वर्षी बशीरला घोलप सापडला. असर, म्हणजे दुपारनंतरची नमाज, झाली की तो मेसच्या मागच्या दारातून हाक मारायचा, "घोलपभाई, जीभ लाओ."

घोलप जायचा, पळीतनं घोट घ्यायचा, डोळे मिटायचा. "नमक बस है. काली मिर्च थोडा. और ये गोश्त को अभी टाइम दो." परत येताना तोंड स्वच्छ पुसून यायचा. दिवसाउजेडी आमच्यासमोर त्यानं कधी पाणी प्यालेलं मी बघितलं नाही. मी एकदा म्हटलं, तुला कोण अडवतंय, पी. तर म्हणाला, "चादरीचे गठ्ठे उचलून तुमच्या जिभा टाळ्याला चिकटल्यात आणि मी घटाघटा पिऊ? मला काय समजतोस तू?" अन्न सुधारलं होतं हे कासमचाचांना कळत होतं. कशामुळं सुधारलं तेही कळत होतं.

ह्याच रमजानात एकदा तो माझ्याबरोबर ट्रकमध्ये होता. जुन्या जेद्दाच्या कडेनं चाललो होतो. मगरिबला, म्हणजे रोजा सोडायच्या अजानला, अजून वेळ होता आणि एका दुकानापुढं माणसांची ही रांग. काच खाली होती. घोलप एकदम ताठ झाला.

"गाडी थांबव."

"इथं थांबता येत नाही. शुर्ता, पोलीस बघतोय."

"थांबव म्हणतो ना."

मी वेग कमी केला तर हा चालत्या ट्रकमधून उतरला. मला दोन चकरा माराव्या लागल्या. परत आलो तर रस्त्याच्या कडेला उभा, हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी, आत गढूळ पांढरं काहीतरी. ती नाकाशी धरलेली. तोंड असं झालेलं की जत्रेत हरवलेला भाऊ भेटलाय.

ती सोबिया होती. जेद्दा-मक्केकडची जुनी रीत आहे. जव आणि वाळलेला खुबूस, म्हणजे इकडची रोटी, भिजवून गाळतात, साखर, वेलची, दालचिनी घालतात, आणि बर्फासारखं गार करून रोजा सोडताना पितात. मी इतकी वर्षं पीत आलोय. त्यात नाक खुपसण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

"हसनभाय, हे आमचं हाय," घोलप म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "हे आमचंच हाय रे. फक्त अर्ध्यात थांबवलेलं. खमीर चढायच्या आधी थांबवलेलं. ही माणसं कितीतरी पिढ्या हेच करतायत आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी?"

"आपल्या कॅम्पात मी करणार."

सगळ्या वाटेत पिशवी नाकाशी. अजान झाली तशी मी ट्रक कडेला घेतला. त्यानं दातानं पिशवीचा कोपरा तोडला, आधी माझ्या पुढं केली, मग स्वतः प्याला. प्याल्यावर मात्र म्हणाला, "ह्याहून बरी करीन."

आमच्या कॅम्पात रमजानात प्रत्येक खातं पाळीनं एक दिवस सगळ्यांना सरबत देतं. इस्त्रीवाले गुलाबाचं देतात, पॅकिंगचे पाकिस्तानी लस्सी देतात. बॉयलर खात्यात माणूस एकच, म्हणून त्याची पाळी कधी लागली नव्हती. घोलप सरळ कासमचाचांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "चाचा, बॉयलरची पाळी लावा."

चाचांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू करणार? जवाचं? ज्या हातानं ते दुसरं करत होतास त्याच हातानं?"

"हात धुवून."

"हात धुवून जात नाय ते. आणि दुसरं सांगू? ज्यानं रोजा धरला नाय त्याला तहान काय कळणार. ज्याला तहान कळत नाय त्याच्या हातचं मी रोजा सोडायला घेणार नाय."

आजूबाजूला दहा-पंधरा जण ऐकत होते. घोलपचे कान लाल झाले. मला वाटलं आता हा काहीतरी उलट बोलतो. तो म्हणाला, "मग त्या दिवशी मी धरतो."

"तुला नाय जमणार. बॉयलरसमोर?"

"जमतं का नाही ते त्या दिवशी बघा."

शेवटी चाचांनी आखरी जुम्म्याचा, म्हणजे रमजानच्या शेवटच्या शुक्रवारचा दिवस दिला. त्या दिवशी कॅम्प भरलेला असतो, बाहेरची माणसंही येतात. मला वाटतं ह्याची फजिती मोठी व्हावी असा त्यांचा विचार असावा. घोलपला मात्र तो मान वाटला.

आता भांडं. घोलपनं पहिल्या चाचणीला बशीरची बिर्याणीची देग आणली आणि खोलीतल्या आमच्या छोट्या विजेच्या शेगडीवर चढवली. मी सांगत होतो, नको. देग शेगडीच्या चारी बाजूंनी बाहेर. पाणी तापायला लागायच्या आधी कुठंतरी फट् झालं आणि अख्ख्या रांगेची वीज गेली. एसी बंद. प्रत्येक दारातून एकेक लुंगीवाला बाहेर आणि प्रत्येकाच्या तोंडी आमच्याच खोलीचा नंबर. कॅम्पचा मुदीर, म्हणजे साहेब, मिसरी माणूस होता. तो पळत आला, देग बघितली, दोन्ही हात डोक्याला लावले. "मम्नू, मम्नू. मना आहे." खोलीत इकडंतिकडं बघून त्यानं खुंटीखालचं माझं पातेलं उचललं आणि घोलपच्या छातीशी धरलं. "हादा बस." हेच, याच्याहून मोठं नाही. मेसची शेगडी मागितली तर बशीर रडायला आला. रमजानात त्याची एक चूल मोकळी नसते.

पातेलं माझं, मासे शिजवायचं. घोलपनं वास घेतला. "बांगडा."

"मग? पातेल्यात काय अत्तर असतं?"

लिंबू, वाळू आणि खाण्याचा सोडा घेऊन तो दिवसभर ते घासत बसला. मी म्हटलं, घासून घासून भोक पाडशील, आणि ह्या एवढ्याशा पातेल्यात एवढा कॅम्प मावणार कसा? दहाबारा जणांचं होईल.

घोलप उठून उभाच राहिला. "हसनभाय, सगळे हितंच चुकतात. पाणी कशाला उकळायचं? उकळून पाणी काय वाढतं का? पातेलं लहान असलं तर पातेल्यात फक्त रस करायचा. जव जास्त, पाणी कमी. घट्ट काढायचं, मग पुन्हा गरम पाणी घालून त्याच जवाचं दुसरं पाणी काढायचं, ते पहिल्यात घालून आटवायचं. मधासारखं झालं पाहिजे. आणि मग बाहेर, मोठ्या पिंपात, वरून गार पाणी. कारखान्यात मोठ्या भांड्यात केलं तेच मी ह्या बांगड्याच्या पातेल्यात करून दाखवतो."

"म्हणजे नारळाचं दूध," मी म्हटलं. "आमच्याकडं खोबरं वाटून पहिलं दूध काढतात, दाट. मग तोच चव परत पिळून दुसरं. सोलकढी करताना मग पाणी पाहिजे तेवढं."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं माझे खांदे धरून मला गदागदा हलवलं. "तुला येतंय की हे. तुला आधीच येतंय." त्या दिवसापासून कॅम्पात सगळ्यांना सांगत सुटला की हसनभाय माझा पार्टनर. मी काही केलं नव्हतं. पण नाही म्हणालो नाही.

लाँड्रीच्या गच्चीवर त्यानं ओल्या गोणपाटावर जव पसरले. मोड आले तसा मला ओढत वर घेऊन गेला, दाण्याच्या टोकाला आलेला पांढरा तंतू दाखवला, जणू नातू झालाय. मग ते उन्हात वाळवले. तिथलं ऊन म्हणजे भट्टीच. कबुतरं यायला लागली, तर जेवणाच्या सुट्टीत हा डोक्याला टॉवेल बांधून राखण करत बसे. माणसं खालून ओरडायची, "घोलप, शेत कैसा है?" हा वरून ओरडायचा, "बढिया है, जुम्मे को काटेंगे."

जुम्म्याच्या आदल्या दिवशी त्यानं सुट्टी घेतली. त्या पातेल्यात एकामागून एक घाणे काढले. घट्ट रस, दुसरं पाणी, आटवणं, परत पुढचा घाणा. सगळ्या कॅम्पावर भाजक्या जवाचा आणि वेलचीचा वास. माणसं येता-जाता आमच्या दारात रेंगाळायची. सगळा रस त्यानं निळ्या पिंपात ओतला, गार पाणी घातलं, जेद्दावाल्यांसारखा खुबूस कुस्करून टाकला, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं आणि पिंप कोठीच्या खोलीत ठेवलं. "आता बसू दे त्याला. चव बसायला वेळ द्यावा लागतो."

मला तेव्हा काही वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही. सगळा जन्म बिअरमध्ये गेलेल्या माणसाच्या हाताला ती सवयच होती. पातेलं उतरवलं, झाकलं, आता थांबायचं. सोबियावाले थांबत नाहीत. ते गाळतात, बर्फात घालतात, विकून मोकळे होतात. ह्याच्या हातानं सगळं बरोबर केलं आणि शेवटी जुन्या कारखान्यातली एक गोष्ट आपणहून केली, न विचारता.

जुम्म्याला त्यानं खरंच रोजा धरला. पहाटे आमच्याबरोबर सहेरी केली आणि दिवसभर बॉयलरवर राहिला. दुपारी त्याच्याकडं बघवत नव्हतं. ओठ पांढरे. मी म्हटलं, सोड, कुणी काही म्हणणार नाही. त्यानं मान हलवली, बोलायची ताकद वाचवत होता. कासमचाचा इस्त्री खात्याच्या दारातून एक-दोनदा डोकावून गेले.

असर झाली. अंगणात लांब सुफरा अंथरला, म्हणजे प्लास्टिकचं कापड. बशीरची माणसं खजूर मांडायला लागली. घोलप, बशीर आणि मी कोठीत गेलो. घोलपनं पिंपाचं फडकं सोडलं आणि नाक पुढं नेलं.

तो हलला नाही. किती वेळ तसाच वाकलेला. मग त्यानं कान पिंपाच्या काठाला लावला. मीही लावला. आत अगदी बारीक चुर्र चुर्र चाललं होतं.

"काय झालं?"

"चालू झालंय. खुबसातलं खमीर जागं झालंय," घोलप म्हणाला.

"म्हणजे खराब?"

"खराब नाही. चांगलं झालंय. लई चांगलं झालंय." त्यानं परत नाक पुढं नेलं. "नाक सांगतंय. पण खात्री पाहिजे."

खात्री करायची म्हणजे चाखायचं. आम्ही दोघं रोजेदार. तोही रोजेदार. दिवसभर ज्यासाठी ओठ फुटेपर्यंत राहिला तो रोजा, मगरिबला दोन-अडीच तासच उरलेले. बशीर हळू म्हणाला, "घोलपभाई, चखो मत. शक्कर डालो, इलायची डालो, बरफ डालो. यहाँ किसने पिया है कभी? किसको मालूम पडेगा?"

"मेरे को मालूम है ना," घोलप म्हणाला.

त्यानं बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. मी तोपर्यंत त्याच्या तोंडावर कधी तसा भाव बघितला नव्हता. सांगायला नको, पण सांगतो: त्यात थोडा अभिमानही होता. मग त्यानं डोळे उघडले, पिंपाच्या कडेला दोन्ही हात लावले आणि म्हणाला, "धर रे दुसरी बाजू."

आम्ही पिंप ओढत अंगणात आणलं. सगळ्यांना वाटलं सोबिया आली. टाळ्या वाजल्या. घोलप सुफऱ्याच्या टोकाशी कासमचाचांच्या समोर थांबला. त्याला हळू सांगता आलं असतं. मी खूण केली, हळू. पण त्याला हळू बोलताच येत नव्हतं.

"चाचा, माझी चूक झाली. मी झाकून ठेवलं. हे चढलं. हे तुम्हाला चालणारं नाही."

मराठी ज्यांना येत होतं त्यांना कळलं, बाकीच्यांना त्यांनी सांगितलं. चाचा उठले. त्यांची नजर त्याच्या ओल्या बोटावर गेली, मग तोंडावर.

"तू चाखलंस?"

"चाखल्याशिवाय कसं कळणार?"

"रोजा तुटला की रे तुझा."

"माझा एकट्याचा तुटला," घोलप म्हणाला, आणि पिंप आडवं केलं. सगळं वाळूत गेलं. फेस आला, वास आला, पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले.

तेवढ्यात मुदीर आला. "एश हादा? हे काय?" ह्या देशात त्या पिंपाचं नाव घेतलं असतं तर घोलप सरळ तुरुंगात आणि तिथून विमानात. कासमचाचा पिंपाच्या आणि मुदीरच्या मध्ये उभे राहिले. आयुष्यात मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं नाही, आणि तेव्हाही ते खोटं बोलले नाहीत. "खर्बान, मुदीर. बिघडलं. फेकून दिलं. खलास." मुदीरनं नाक मुरडलं आणि गेला.

मग चाचा वळले. मला वाटलं आता घोलपला धुतील. ते म्हणाले, "आता? लोक काय पिणार?"

घोलपला हे अपेक्षित नव्हतं. क्षणभर तो गोंधळला, आणि मग त्याच्या अंगात वारं शिरलं. "बशीर, जव है? शोरबे का? जितना है निकालो. हसनभाय, बर्फ. पिण्याचा. मिळेल तेवढा. चाचा, खजूर पाहिजेत, ते हुफूफचे मऊ."

"किती?"

"सगळे."

मी ट्रक काढला. वस्तीतल्या एकाही बकाल्यात, म्हणजे किराण्याच्या दुकानात, मी बर्फाची पिशवी ठेवली नाही. परत आलो तर आमच्या खोलीबाहेर हे दृश्य: शेगडीवर माझं पातेलं, आत उरलेले मोडाचे जव, बशीरचे भाजलेले जव आणि बिया काढलेले खजूर एवढे कोंबलेले की पाण्याला जागा नाही. घोलप ढवळतोय, घाम गळतोय. एकजण पंख्यानं वारा घालतोय. एकजण गाळायला कोरं पांढरं फडकं धरून बसलाय. रस पिळला, जव परत पातेल्यात, दुसरं पाणी, तेही पिळलं, दोन्ही मिळून आटायला ठेवलं. आणि कासमचाचा, मुरूडचे कासमचाचा, बाह्या सरसावून बशीरच्या पाण्याच्या मोठ्या डब्यांना साबण लावत होते. निळ्या पिंपाला कुणी हात लावला नाही.

"चाचा, पुरेल का हे?" कुणीतरी विचारलं. "पातेलं एवढंसं."

"पातेलं नाय बघायचं," चाचा डबा घासता घासता म्हणाले, जसं काय जन्मभर हेच करत आलेत. "रस घट्ट हाय."

ऊन उतरलं. घोलपनं पातेलं उतरवलं, रस काळाभोर, चमच्यावरून तुटत नव्हता. डबे निम्म्याहून जास्त पाण्यानं आणि वर बर्फानं भरले होते. तो उकळता रस त्यानं बर्फावर ओतला. काय आवाज झाला. बर्फ तडतडला, खाली बसला, वितळला, आणि बघता बघता जेवढा बर्फ तेवढं पाणी, आणि पाणी होताना गारही झालं. जे काम करायला रात्र लागली असती ते डोळ्यांसमोर झालं. डबे भरले. पोरांसारखी माणसं उड्या मारत होती, उपाशीपोटी.

आता चाखणार कोण? घोलप. त्याचा तर सुटलेलाच होता. त्यानं घोट घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वेलची जास्त झाली."

"राहू दे आता," मी म्हटलं.

"जास्त झाली म्हणजे झाली."

अजान झाली. घोलप सुफऱ्यावर बसला नाही. मोडलेल्या रोजानं रोजेदारांच्या पंगतीत बसायचं नाही असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. पळी घेऊन डब्यापाशी उभा राहिला. कासमचाचांनी खजूर तोंडात टाकला, उठले, आपला ग्लास घेऊन चालत त्याच्यापाशी गेले आणि ग्लास पुढं केला. सगळं अंगण बघत होतं. घोलपनं भरला. चाचा खाली बसले आणि तीन दमात प्याले, सुन्नतप्रमाणे, म्हणजे पैगंबरांच्या रीतीनं. मग मिशीवरचा थेंब पुसून म्हणाले, "वेलची जरा जास्त हाय."

जे हसू फुटलं अंगणात. आणि मग डब्यांवर जी गर्दी झाली.

ईदनंतर घोलपची बदली झाली. समुद्राच्या वरच्या अंगाला, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीमध्ये कंपनीची नवी लाँड्री निघाली होती, तिथल्या बॉयलरवर. जायच्या दिवशी सकाळी मी चहा केला तर त्यानं कप बाजूला सारला.

"नको. आज रोजा हाय माझा."

"कसला? रमजान संपला."

"तुटलेला. चाचा म्हणाले होते, मोडलेला रोजा ईदनंतर परत धरतात."

मी चाचांकडं गेलो. त्यांनाही धक्काच बसला होता. "मी मसला सांगितला रे, नियम सांगितला. तुझ्यावर फर्ज नाय म्हणून चार वेळा सांगितलं. तर म्हणतो, धरला होता कोणी? मी. मग माझाच." मग म्हणाले, "मीपण हाय आज रोजानं. ईदनंतरचे नफील, जादाचे रोजे, धरतो ना मी." चाचा ते दरवर्षी धरत नाहीत, हे मला माहीत आहे.

गाडी संध्याकाळची होती आणि नेमकी मगरिबच्या आधी आली. अंगणात माणसं सिगारेटी ओढत होती, चहा पीत होती, मोबाईलवर घरी बोलत होती. आणि मधोमध वाळूवर एक छोटंसं कापड अंथरून दोन माणसं समोरासमोर बसली होती. मध्ये पाण्याची बाटली आणि खजूर. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. घोलप उठला नाही. परत हॉर्न. चाचांनी मान न वळवता हात वर केला, थांब. ड्रायव्हर पंजाबी होता, शिव्या देत खाली उतरला, बघितलं, आणि गाडीला टेकून तोही उभा राहिला.

अजान झाली तसं दोघांनी एकदमच खजूर तोंडात टाकला. घोलपनं पाण्याचे दोन घोट घेतले, बाटली चाचांच्या हातात दिली, बॅग उचलली आणि पळत सुटला. मला काहीतरी म्हणाला, पण खजूर तोंडात, काही कळलं नाही. खिडकीतून हात हलवत होता. चघळायला वेळ मिळाला नव्हता, बी गालात तशीच होती. गाडी फाटकातून वळेपर्यंत त्याचा एक गाल फुगलेला दिसत होता.